सूर्यास्त जितका सुंदर, तितकी बोट फुटलेली

बोटीला ब्रेक नसतो. हे वाक्य मी अठरा वर्षं, आठवड्यातून निदान दहा वेळा, नाना देशांच्या माणसांना ऐकवलं. सगळ्यांनी मान डोलावली. आणि जेटी जवळ आल्यावर सगळ्यांनी उजवा पाय खालच्या फळीवर जोरात दाबला. फळी बिचारी काय करणार? बोट जायची तिथे गेली आणि लागायची तिथे लागली.

आयर्लंडमधल्या किलालू या गावी, शॅनन नदी जिथे डर्ग सरोवरातून बाहेर पडते तिथे, नोरा नावाच्या बाईंचा बोटी भाड्यानं देण्याचा धंदा आहे. मी तिथे नोकरीला लागलो तो नाइलाजानं. बायकोला शॅनन गावातल्या कारखान्यात मोठ्या हुद्द्याची जागा मिळाली आणि मी तिच्यामागून 'अवलंबित' असा शिक्का घेऊन आलो. सांगलीच्या माणसाला अवलंबित म्हणणं म्हणजे काय, ते सांगलीच्याच माणसाला कळेल. पुढे कामाच्या परवानगीचा कागद हातात पडल्यावर नोराकडे गेलो. त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. पोहता येतं का? म्हटलं, कृष्णेत शिकलोय. मूर्ख माणसांशी गोड बोलता येतं का? म्हटलं, लग्नाला वीस वर्षं झालीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात बूट आणि लाइफ जॅकेट ठेवलं.

धंदा साधा आहे. एक बोट म्हणजे पाण्यावरचा एक वन बीएचके: दोन खोल्या, ओटा, संडास आणि पुढे स्टिअरिंग. ती चालवायला इथे परवाना लागत नाही. ज्या माणसाला मोपेडही नीट लावता येत नाही त्याला आम्ही तासाभराच्या शिकवणीनंतर चाळीस फुटांची बोट सोपवतो आणि डोक्यावर कप्तानाची टोपी चढवतो. टोपी चढली की माणूस ऐकायचं बंद करतो. म्हणून मी टोपी सगळ्यात शेवटी देत असे. ही युक्ती माझी स्वतःची, आणि मला तिचा अभिमान आहे.

पण माझं खरं कौशल्य बोटीत नव्हतं. ते अभिप्रायवहीत होतं. प्रत्येक बोटीवर एक जाड वही असते. परत आल्यावर पाहुण्यांनी त्यात चार ओळी लिहायच्या. आता इंग्रजीत प्रवासाबद्दल लिहायची एक जुनी तऱ्हा आहे. चार रिकामटेकडे सभ्य गृहस्थ सहलीला निघतात. पानभर चंद्र, पाणी, पाणवठ्यावरची झाडं, मानवी आत्म्याची हुरहुर, आणि पुढच्याच ओळीत त्यांतला एकजण साबणावरून घसरून कढईत बसतो. आपल्याकडे कीर्तनात बुवांचं निरूपण अगदी रंगात आलं की ते मध्येच नवराबायकोची गंमत सांगतात, तसंच. सौंदर्यही खरं असतं आणि घसरणंही खरं असतं. एकामुळे दुसऱ्याला भाव येतो. ही पुस्तकं इकडच्या लोकांनी लहानपणी वाचलेली असतात. निदान वाचलेल्यांच्या शेजारी तरी ते बसलेले असतात. त्यामुळे बोटीतून उतरून पेन हातात घेतलं की ज्याचा त्याचा लेखक होतो.

मला पहिल्या दोन वर्षांतच कळलं की ही वही म्हणजे कबुलीजबाब आहे. बोटीचं काही मोडलं की माणूस तोंडानं सांगत नाही. तो सूर्यास्ताचं वर्णन करतो. 'सरोवराच्या पाण्यावर सोन्याचा लेप चढला होता' असं आलं की मी प्रॉपेलरमध्ये अडकलेला दोर शोधायला जायचो. 'शांतता इतकी गहिरी होती' म्हणजे इंजिन बंद पडलं होतं. एका इंग्रज दांपत्यानं चार पानं हंसांवर लिहिली. मानेची कमान, पंखांची शुभ्रता, हंसांची एकनिष्ठा. मी बोट वरून खालून तपासली, कुठे ओरखडा नाही. चक्रावलो. तासाभरानं लक्षात आलं की बोटीच्या मागे बांधलेली छोटी होडी आलीच नव्हती. याउलट एक जर्मन गृहस्थ दरवर्षी यायचे आणि एवढंच लिहायचे, 'संडासाचा पंप मंद आहे. बाकी ठीक.' त्यांच्या बोटीला कधी खरचटलंसुद्धा नाही.

आपली माणसं यात मागे राहतील असं समजू नका. एका शनिवारी डब्लिनहून पुण्याची सहा मुलं आली, सगळी कॉम्प्युटरवाली. मी तासभर शिकवलं, टोप्या दिल्या आणि पाठ फिरवली. तेवढ्यात मागून 'टक्' आवाज आला. वाहन नवं म्हणजे नारळ! भाड्याचं का असेना. त्यांनी बोटीच्या नाकाला कुंकू लावलं होतं आणि नारळ आपटला होता. पण ते नाक लोखंडाचं नव्हतं, फायबरचं होतं. नारळ फुटला नाही. बोट फुटली. माझ्यापासून लपवायला पोरांनी त्यावर गाडीचा स्टिकर चिकटवला. तीन दिवसांनी वहीत त्यांनी इंग्रजीत लिहिलं की शॅननच्या प्राचीन प्रवाहाला आमच्या प्राचीन परंपरेचा स्पर्श झाला तेव्हा क्षितिज जणू नतमस्तक झालं. नोरांनी एवढंच वाक्य वाचलं, चष्मा काढला आणि मला विचारलं, "भोक कुठे आहे?"

तेव्हापासून ऑफिसात पाटी आहे, 'बोटीवर नारळ फोडू नये.' जर्मन गृहस्थांनी कारण विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं.

अशी किती माणसं सांगावीत! पण नोकरी सोडल्यावर ज्यांची आठवण वरचेवर येते ते वसंतराव आणि कुमुदताई. वसंतराव नागपूरच्या एका कॉलेजात तेहेतीस वर्षं इंग्रजी शिकवत होते. मुलगी मृण्मयी ड्रोहेड्याच्या हॉस्पिटलात डॉक्टर. आईबाबा सहा महिन्यांसाठी आलेले, तिला रजा मिळेना, म्हणून तिनं तीन दिवसांची बोट घेतली आणि चालवायला मराठी माणूस मागितला. फोनवर म्हणाली, "काका, आईची काळजी नाही. बाबांना पोहता येत नाही, पण येतं असं त्यांना वाटतं."

वसंतराव उतरले ते काखेत एक लांबलचक रजिस्टर घेऊन. ते शिकवायचे तो विषय होता नेमका हाच: इंग्रजी विनोदी प्रवासकथा. बोटीच्या प्रत्येक भागाचं नाव त्यांना तोंडपाठ, आणि बोटीत पाय ठेवला तो आयुष्यात पहिल्यांदा.

"तेहेतीस वर्षं मी मुलांना कुठे हसायचं ते सांगितलं," पहिल्या दुपारी ते माझ्याशेजारी उभे राहून म्हणाले. "दुसरा परिच्छेद, चौथी ओळ, येथे विनोद. मुलं समासात 'हशा' असं लिहून घ्यायची. परीक्षेला प्रश्न यायचा, विनोदाची तीन कारणे सोदाहरण स्पष्ट करा. पाच गुण."

"मुलं हसायची का, सर?"

"एकदा हसली. वर्गात कुत्रं शिरलं होतं."

मग त्यांनी रजिस्टर उघडलं. पहिल्या पानावर शीर्षकाची जागा चौकट आखून मोकळी ठेवलेली. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी ठरवलं होतं की असं एक पुस्तक आपण मराठीत लिहायचं. चाळीस पानं झाली होती. महाबळेश्वर, उटी, काठमांडू. सगळा निसर्ग. विनोदासाठी मध्ये मध्ये कोऱ्या जागा सोडलेल्या.

"वर्णन तयार आहे," ते म्हणाले. "फजिती यायची आहे. आणि ती येत नाही. ही येऊ देत नाही."

'ही' म्हणजे कुमुदताई आत ओट्याशी डबे लावत होत्या. मला त्या बाईंचं सामान बघूनच कळलं होतं की सर खरं बोलताहेत. पावसाचे कोट, त्यांना सुटे दोर. कोथिंबिरीच्या सांबारवड्यांचा डबा, त्यावर चिठ्ठी. औषधं दिवसागणिक बांधलेली. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाची गाडी चुकली नाही, किल्ली हरवली नाही, चुकीच्या हॉटेलात उतरणं झालं नाही.

"सत्तरी उलटली माझी," सर हळू आवाजात म्हणाले. "यापुढे मुलगी नेईल ती दवाखान्यातच. हे तीन दिवस शेवटचे. मला एक फजिती हवी आहे. स्वतःची. लहानशी चालेल. तुम्ही जरा बोट कुठे खडकावर वगैरे..."

मी साफ नाही म्हटलं. अठरा वर्षांत माझ्या हातून बोटीला टवका उडाला नव्हता, तो मी साहित्यासाठी उडवणार नव्हतो.

मग त्यांनी स्वतःच प्रयत्न सुरू केले. ड्रोमिनियरच्या जेटीला लागताना त्यांनी दोर मुद्दाम चुकीच्या बाजूला फेकला. कुमुदताईंनी तो हवेतच झेलला आणि लोखंडी खुंटाला असा आवळला की मी बघत राहिलो. मी ती गाठ त्यांना एकदाच दाखवली होती.

"ताई, कुठे शिकलात?"

"याच्यात काय शिकायचं जी? गोठ्यात वासरू बांधणं याहून कठीण. ते हलते."

दुसऱ्या दिवशी सरांनी दूध दुकानातच विसरून ठेवलं. ताईंकडे दुधाची पावडर होती. टेरीग्लासहून निघाल्यावर त्यांनी नकाशा उलटा धरून मला भलतीकडे वळायला सांगितलं. ताईंनी खिडकीतून बेटावरच्या जुन्या गोल मनोऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सकाळी तो बुरूज डाव्या हाताला होता. हे काहून उलटे नेऊन राहिले तुम्हाला?" सर निमूट आत गेले आणि आणखी एक पान निसर्ग लिहून आले. मोठ्यानं वाचून दाखवलं. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू? पाण्यावरून सरकणाऱ्या ढगांच्या सावल्यांचं ते वर्णन मला अजून आठवतं. ताई कांदा चिरत होत्या. वाचन संपल्यावर म्हणाल्या, "हो."

सर हिरमुसले. मला त्यांची दया आली. आणि माझी चूक तिथेच झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही माउंटशॅननच्या जेटीला उभे होतो. वारा बेताचा, ऊन पडलेलं. आमच्या धंद्यात एक नियम आहे, बोटीवर आणि जेटीवर लाइफ जॅकेट अंगातून काढायचं नाही. सर म्हणाले, जॅकेट घालून लिहिता येत नाही, जरा वेळ काढतो. मी हो म्हणालो. मग मी आत चहा टाकला. ताई जेटीच्या टोकाला सतरंजी झटकत होत्या. खिडकीतून मला दिसलं, सर इकडेतिकडे बघत बोटीचा मागचा दोर सोडताहेत.

त्यांचा बेत माझ्या ध्यानात आला. बोट सुटणार, आत चहा करणारा नावाडी पाण्यावर वाहत जाणार आणि सर काठावरून ते लिहिणार. फजिती माझी, पुस्तक त्यांचं! मला हसू आलं. म्हटलं, करू दे. पुढचा दोर बांधलेला आहे, इंजिन हाताशी आहे, काय होणार आहे? मी बघून न बघितल्यासारखं केलं.

बोटीचं मागचं टोक जेटीपासून सुटलं आणि सरांना आठवलं की रजिस्टर बोटीच्या मागच्या बाकावर राहिलंय. वहीच नाही तर लिहिणार कशात? त्यांनी उजवा पाय बोटीवर टाकला. डावा जेटीवर होता. मधलं पाणी रुंदावत गेलं. ते काही ओरडले नाहीत. फार सावकाश खाली गेले आणि दिसेनासे झाले.

मी बाहेर आलो तेव्हा पुढचा दोर ताणला गेला होता आणि वाऱ्यानं बोट परत जेटीकडे वळत होती. अनेक टनांची बोट, समोर दगडी जेटी, आणि मध्ये एक म्हातारा माणूस. मी जेटीवर उडी मारली, पाठ टेकली, दोन्ही पाय बोटीला लावले आणि जीव खाऊन रेटलं. सरांचं डोकं वर आलं. चष्मा नव्हता. तोंड उघडं होतं आणि आवाज नव्हता. पुस्तकात माणूस पाण्यात पडतो तेव्हा त्याचा चेहरा कसा दिसतो हे कोणी लिहीत नाही.

कुमुदताई धावत आल्या, जेटीवर सपशेल पालथ्या पडल्या आणि त्यांनी सरांची कॉलर धरली. "सोडू नका," एवढंच त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या की त्यांना, कोणास ठाऊक. शेजारच्या बोटीतले दोघेजण आले, सगळ्यांनी मिळून सरांना वर ओढलं. ते खोकले, पाणी ओकले, थंडीनं निळे पडले होते. खरचटण्यापलीकडे काही लागलं नव्हतं. कोणी हसलं नाही.

मी बोट थेट किलालूला आणली. यार्डात नोरांनी सरांना दोन ब्लँकेटांत गुंडाळून शेगडीसमोर बसवलं, प्रेसमधून, म्हणजे तिथल्या बोलीत कपाटातून, ठेवणीतला मग काढून चहा दिला. मी नोरांना कोपऱ्यात घेऊन सगळं सांगितलं. जॅकेटचंही, दोराचंही. त्यांनी चष्मा काढला.

"तू त्यांना दोर सोडताना पाहिलंस?"

"पाहिलं."

"आता ते जिवंत आहेत, म्हणजे ग्रँड आहे," त्या म्हणाल्या; ग्रँड म्हणजे इकडे नुसतं 'ठीक'. "पण उद्यापासून महिनाभर तू बोटी धुवायच्या. पाण्यात जायचं नाही." शिक्षा रास्त होती. मी भोगली.

रिवाजाप्रमाणे त्यांनी अभिप्रायवही सरांपुढे ठेवली. सरांनी पेन घेतलं. हात कापत होता. एक अक्षरही न लिहिता त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तेहेतीस वर्षं मी यावर हसा म्हणून सांगितलं," ते म्हणाले. "यात हसण्यासारखं काहीच नाही हो. मला वाटलं, मेलो."

त्यांचा आवाज असा होता की मी नजर फिरवली. फजिती मिळाली होती आणि ती लिहिता येत नव्हती. ते पुस्तक आता होणार नाही हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं, मराठी न येणाऱ्या नोरांनासुद्धा.

कुमुदताईंनी वही आपल्याकडे ओढली. पदराला हात पुसला आणि लिहायला लागल्या. मध्ये थांबल्या नाहीत, खोडलं नाही. वाणसामानाची यादी करावी तसं लिहून वही नोरांकडे सरकवली. नोरांनी ती माझ्याकडे दिली. "वाच. आणि इंग्रजीत सांग."

मी वाचलं:

'आम्ही तीन दिवस बोटीत होतो. बोट चांगली आहे. पाणी भरपूर आहे. यांनी तेहेतीस वर्षं पोरांना माणूस पाण्यात कसा पडते ते शिकवलं, पण प्रॅक्टिकल आज झालं. आधी उजवा पाय टाकला, मग विचार केला. नेहमी असंच करतात. ज्या वहीसाठी पडले ती तिथे नव्हतीच. मी ती सकाळीच डब्याच्या पिशवीत टाकली होती, कारण मी यांना ओळखते. बाहेर काढल्यावर पहिले म्हणाले, कोणी पाहिलं का? मी म्हटलं, बदकांनी पाहिलं, पण त्यांना इंग्रजी येत नाही. चष्मा सरोवराला दिला. तिथल्या मासोळ्यांना आता दूरचं दिसन. लग्नात यांनी माझा हात धरला तेव्हाही यांचा हात असाच गार होता आणि असाच कापत होता. तेव्हाही मीच घट्ट धरला होता. कुमुद.'

मासोळ्यांपाशी नोरा खुर्चीत मागे रेलून हसल्या. शेवटच्या दोन ओळी मी इंग्रजीत सांगितल्या तेव्हा त्या उगाच शेगडीत लाकूड सरकवायला वाकल्या.

सरांच्या ब्लँकेटातून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं पुन्हा खोकला. तर ते हसत होते. आधी घशातल्या घशात, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी. मध्येच ते "प्रॅक्टिकल" म्हणायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे. हसण्याची कारणं त्यांनी कोणाला समजावून सांगितली नाहीत. ताई त्यांच्याकडे जराशा संशयानंच बघत होत्या. थंडी डोक्यात गेली की काय, असं.

हसू ओसरल्यावर सरांनी डब्याच्या पिशवीतून रजिस्टर काढलं. कोरडं ठणठणीत होतं. थोडा वेळ ते मांडीवर धरून बसले. मग बायकोपुढे केलं.

"घे. यातली पहिली चाळीसेक पानं फाडून टाक. पुढची कोरी आहेत."

ताईंनी रजिस्टर हातात घेतलं, पानं अंगठ्याखालून भुर्रकन सोडून बघितली. मग ते उलटं केलं आणि शेवटचं पान उघडलं.

"फाडता काहून? मी इकडून सुरू करते," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिकडून या. मधात भेटू."